या भिंतीवर काहीही लिहू

शेवटी आई थोरलीशी बोलली. समोरासमोर, मध्ये कोणालाही न घालता, चक्क ‘अगं’ अशी हाक मारून! पण हे झालंच नाही असं समजा. कारण ज्या सकाळी ही गोष्ट सुरू होते त्या सकाळी आई नेहमीसारखी कपाटाशी बोलत होती.

"कपाटा, तिला सांग, चहा निवतोय."

कपाट गप्प राहिलं. ते लोखंडी होतं, करड्या रंगाचं, आणि मुळातच मितभाषी.

"कपाटा, आईला सांग, कप धुऊन ठेवलाय," दारात उभं राहून थोरली म्हणाली, आणि ब्रशांची पिशवी खांद्याला लावून जिना उतरली.

बाबा गेले त्या दिवसापासून आईने थोरलीशी बोलणं टाकलं होतं. टाकलं म्हणजे अगदी काटेकोरपणे टाकलं. आधी निरोप धाकट्यामार्फत जायचे. मग धाकट्याचं लग्न झालं आणि ते काम नव्या सूनबाईच्या गळ्यात पडलं. ‘तिला सांग, दूध उतू जातंय’, ‘आईला सांग, दिसतंय मला’ असे निरोप इकडून तिकडे पोचवता पोचवता पहिल्याच आठवड्यात बिचारीचा घसा बसला, आणि दूध रोज उतू गेलं. पुढे धाकट्याला नोकरीतलं घर मिळालं, दोघं तिकडे राहायला गेली, आणि रिकाम्या जागेवर कपाटाची नेमणूक झाली. कपाट कधी रजेवर गेलं नाही.

ते उभं होतं स्वयंपाकघराच्या खिडकीला पाठ लावून. आईनेच ते तिथे सरकवून घेतलं होतं, खिडकी कायमची बंद व्हावी म्हणून. कारण वरच्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून समोरची गल्ली दिसायची, गल्लीपलीकडची बंद गोदामाची लांबलचक भिंत दिसायची, आणि भिंतीवर कमरेइतक्या उंचीच्या निळ्या अक्षरांत दिसायचं : ‘या भिंतीवर काहीही लिहू’.

शेवटचा शब्द राहून गेला होता.

बाबा पाट्या रंगवायचे. सगळी वस्ती त्यांना ‘पेंटर’ म्हणायची. सरकारी कचेरीने त्यांना सांगितलं होतं, ‘या भिंतीवर काहीही लिहू नये’ असं ठळक लिहा. ‘लिहू’पर्यंत ते पोचले, आणि शिडीवरून पडले ते पडलेच... ‘नये’साठी खडूची दोरी मारून आखलेली जागा तशीच राहिली. पुढच्या पावसात खडू धुऊन गेला. ‘नये’चा मागमूसही उरला नाही.

आता भिंतच ‘काहीही लिहू’ म्हणते म्हटल्यावर लोक कशाला मागे राहतात! कोणी प्रेयसीचं नाव लिहिलं, कोणी घरमालकाबद्दलचं मत लिहिलं, कोणी सतरापर्यंत पाढे लिहिले. पुढचे येत नसावेत. कचेरी अधूनमधून चुना मारायची, पण कागदावर ‘सूचना वगळून’ असा शेरा होता, त्यामुळे बाबांची अक्षरं दर वेळी नव्या पांढऱ्या भिंतीवर आणखीच उठून दिसायची. इतका राजेशाही थाट बाबांच्या वाट्याला हयातीत कधी आला नव्हता.

आणि थोरली? तिची चित्रकलेच्या महाविद्यालयातली जागा पक्की झाली होती, पेटी भरली होती, पेटीवर तिने स्वतःच्या हाताने पत्ता रंगवला होता. बाबा गेले तशी तिने तीच पेटी उलटी केली आणि तिच्यावर उभी राहून पहिली पाटी रंगवली. वस्तीने ‘पेंटर’ हे नाव काही खळखळ न करता बापाकडून लेकीकडे सोपवलं. धाकट्याचं शिक्षण, त्याचे कपडे, घरातलं दाणापाणी सारं त्या ब्रशातून उतरलं. जिच्या बोटांत आकाश उतरायचं होतं ती दंतवैद्यांच्या पाट्या रंगवत बसली. गावातल्या सगळ्या दंतवैद्यांनी मिळून जितके दात काढले नसतील तितके एकट्या थोरलीने काढले!

त्या सगळ्याबद्दल तिची तक्रार नव्हती. सलत होतं ते एकच अक्षर. बाबांना घरात आणलं तेव्हा आईने तिचे दोन्ही हात घट्ट धरून विचारलं होतं, "शिडी कोणी धरली होती? सांग, कोणी धरली होती?" भिंतीला टेकून धाकटा उभा होता. ओठ निळे पडलेले, डोळे कुठेच बघत नसलेले... आणखी एक शब्द ऐकला तर हा पोरगा बाबांच्या मागोमाग जाईल असं थोरलीला वाटलं आणि ती म्हणाली,

"मी."

एकच अक्षर. त्याला दुसरी वेलांटी. आयुष्यात तिने रंगवलेली सगळ्यात छोटी पाटी, आणि संपूर्ण खोटी.

*

त्या दिवशी दुपारी धाकटा आला. तो आता भिंती व कुंपणे विभागाचा अधिकारी होता. एवढी खाती सोडून त्याने नेमकं तेच खातं का निवडलं हे कोणी विचारलं नव्हतं. सूनबाईही बरोबर होती. आल्या आल्या तिने घसा खाकरून घेतला.

"ताई, एक सांगायचं होतं," बूट न काढताच तो म्हणाला. "सोमवारी समोरच्या भिंतीला चुना मारायचाय. सगळ्या."

"मारा की. ‘सूचना वगळून’."

"नाही. या वेळी सूचनेसकट."

"बाबांची अक्षरं पुसणार?"

"अपूर्ण सूचना आहे गं ती. नियमात बसत नाही."

"मग पूर्ण करू. दोन अक्षरं तर आहेत. मी लिहिते ‘नये’."

"नवीन मजकुराला मंजुरी लागते."

"अरे, नवीन कुठला? बाबांचं वाक्य आहे ते! तुझ्या मंजुरीसाठी माणूस क्रियापदावर लोंबकळत ठेवायचा का?"

आईने भांडं आपटलं. "धाकट्या, जाऊ दे ती भिंत. पुसा, पाडा, काय वाटेल ते करा. आणि कपाटा, तिला सांग, ज्या हातांना शिडी धरवली नाही त्या हातांनी आता अक्षरं कुरवाळायची नाहीत!"

सूनबाई सवयीने थोरलीकडे वळली. "ताई, आई म्हणताहेत की..."

"ऐकलं मी."

धाकटा चहाच्या कपात बघत होता. कप रिकामा होता, तरी तो बघत राहिला. थोरलीच्या काळजात काहीतरी लखकन चिरलं गेलं... पण या वेळी त्या चिरेतून अश्रू आले नाहीत, संताप आला! इतकी वर्षं आपण आपला गुन्हा नसलेला गुन्हा पाठीवर वाहिला, ठीक. आता ज्याच्यासाठी वाहिला तोच बापाच्या हातचं शेवटचं अक्षर चुन्यात बुडवायला निघाला?

"सोमवारी ना?" ती म्हणाली. "मग सोमवारपर्यंत भिंत माझी. तिच्यावरच लिहिलंय, काहीही लिहू."

"ताई, तो त्याचा अर्थ नाहीये."

"मग योग्य अर्थ लिहून घ्यायचा होता कचेरीने. माणूस होता तेव्हा."

*

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने बाबांची जुनी शिडी काढली, डबे काढले, आणि निळ्या अक्षरांच्या खाली, थेट भिंतीवर, बाबांना काढायला घेतलं. आजवर तिने त्यांचं एकही चित्र काढलं नव्हतं. कोळशाचा तुकडा हातात घेऊन ती उभी राहिली आणि तिच्या ध्यानात आलं की बाबांचा चेहराच आठवत नाही!

आठवत होत्या त्या टाचा. भेगाळलेल्या, कडेला निळा रंग वाळलेल्या. बरोबरच होतं, बाप सदा शिडीवर आणि लेक सदा खाली, आयुष्यभर तिने त्यांना खालूनच पाहिलं होतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि टाचांपासून सुरुवात केली.

दुपारपर्यंत भिंतीवर वीतभर उंचीच्या दोन टाचा तयार झाल्या. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून बघायला आला.

"काय पेंटर, भेगांच्या मलमाची जाहिरात का?"

"हो."

"कुठलं मलम?"

"अजून निघायचंय."

न्हावी मान हलवत परत गेला. थोरली काढत राहिली. टाचांवर पोटऱ्या आल्या, पोटऱ्यांवर रंगाच्या शिंतोड्यांची विजार, मग पाठ, मग उचललेला कोपर. आणि कोपर काढता काढता तिला बाबांचं गुणगुणणं आठवलं, गुणगुणण्यावरून मान आठवली, मानेवरून कानामागची पेन्सिल... आणि पेन्सिलीमागून, जणू कोणी दार लोटून आत यावं तसा, चेहरा आला! ती शिडीलाच टेकून रडली, नाक बाहीला पुसलं, आणि पुन्हा ब्रश उचलला, कारण तोंडाचा रंग वाळत होता.

मग चित्रात शिडी काढली. आणि शिडीशी स्वतःला काढायला गेली तिथे गाडं अडलं.

खोटं बोलायला तिला जड गेलं नव्हतं; खोटं काढता येईना. तिने स्वतःला शिडीच्या पायथ्याशी उभं केलं, दोन्ही हात शिडीच्या खांबांना घट्ट लावले, मग मागे जाऊन पाहिलं. चित्र चुकलेलं! पुसलं. पुन्हा काढलं, हात सैल ठेवले. तरी चुकलेलं. किती वेळा पुसलं याला गणती नाही. शेवटी तिला उमगलं की रेषांची चूक नव्हतीच. थोरलीने शिडी धरलीय म्हटल्यावर चित्रातले बाबा पडतच नव्हते. निवांत उभे होते, ‘नये’ लिहायला सज्ज, अजून वीस-पंचवीस वर्षं जगतील असे! तिने शिडी धरली असती तर ते पडलेच नसते, हे आईला कळलं नव्हतं, जगाला कळलं नव्हतं, पण चित्राला कळलं होतं.

ती रस्त्यावरच बसली. आणि तो दिवस, जो तिने स्वतःलाही कधी नीट बघू दिला नव्हता, समोर उभा राहिला.

बाबांचा नियम असा, की एक शब्द झाला की खालच्याने गल्लीपलीकडे जायचं, एक डोळा मिटायचा, अंगठा पुढे धरायचा आणि अक्षरं सरळ आलीत का ते ओरडून सांगायचं. ‘जवळून सगळंच सरळ दिसतं पोरांनो, लांब जाऊन बघा.’ बघण्याचं काम थोरलीचं, शिडी धरण्याचं धाकट्याचं. त्या दिवशी ‘लिहू’ होत आलं तेव्हा बाबा म्हणाले, "थोरले, ‘नये’ लाल पाहिजे. लाल असल्याशिवाय लोक ऐकत नाहीत. ब्रश धुऊन आण." ती रॉकेलची बाटली घेऊन कोपऱ्यावरच्या नळावर गेली. आणि तिथून तिने ऐकलं, बाबा कामाच्या तंद्रीत, नेहमीच्या सवयीने म्हणाले, "बघ मागे जाऊन!" मागे कोणी नव्हतं. म्हणून खाली जो होता तो गेला. बापाने सांगितलं म्हणून, शिडी सोडून, अंगठा पुढे धरून, पाठीमागे पाठीमागे जात...

थोरली उठली. तिने शिडीचा पायथा कोराच ठेवला. दूर, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नळ काढला, नळाखाली वाकलेली परकरातली मुलगी काढली, ओल्या हातात ब्रश दिला. आणि थांबली. बाकीचं तिला दिसत होतं, पण ते तिने काढलं नाही. ते दुसऱ्याचं होतं.

*

सोमवारी धाकटा दोन मजूर आणि चुन्याच्या बादल्या घेऊन आला. मागून सूनबाई धावत. गल्ली जमा झाली. भिंतीशी थोरली उभी होती, हातात लाल रंगाचा ब्रश, पदर खोचलेला.

धाकट्याने चित्र पाहिलं. वरचे बाबा पाहिले. मग खालची ती कोरी जागा पाहिली, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"ताई... बाजूला हो."

"नाही होत."

"सरकारी कामात अडथळा आणतेयस तू!"

"आणतेय. लिहून घे. अडथळ्याचं वर्णन : बहीण. आणखी काय लिहायचंय? एवढी वर्षं मी तोंड उघडलं नाही, आजही उघडत नाही. पण बाबांना पुसायचं असेल तर आधी माझ्यावर चुना मारावा लागेल. मार! पहिला हात माझ्या तोंडावर मार, म्हणजे मी पुन्हा गप्प!"

मजुरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने हळूच विचारलं, "साहेब, बाईंना एक हात की दोन?"

तेवढ्यात वरून आवाज आला. लोखंड फरशीवर घासल्याचा, दात शिवशिवणारा, लांबलचक आवाज. थोडं थांबून पुन्हा. गल्लीतल्या सगळ्या माना वर गेल्या. इतकी वर्षं मिटलेली खिडकी धाडकन उघडली, धूळ खाली सांडली, आणि धुळीत आईचा चेहरा दिसला. भांडण ऐकून तिने एकटीने कपाट सरकवलं होतं.

ती बोलायला म्हणून आली होती, रागावून. पण समोर भिंत होती. आणि खिडकी नेमकी तेवढ्या अंतरावर होती, जिथून बाबांची अक्षरं बघायची असतात.

आई बघत राहिली. टाचांवरून पाठीवर, पाठीवरून चेहऱ्यावर तिची नजर चढली, तिथे थांबली... मग शिडीवरून उतरत कोऱ्या जागेवर आली. तिथून सरकत नळापाशी.

निरोप कोणाकडे द्यावा म्हणून तिने सवयीने मागे पाहिलं. कपाट खोलीच्या मध्यावर पाठ फिरवून उभं होतं.

"अगं," आई म्हणाली. "तू तर नळावर आहेस."

थोरलीने हातातला ब्रश पाठीमागे लपवला.

"मग शिडी?"

"मी... मी सोडली होती, आई. चित्र चुकलंय."

"गप! तुझ्या बापाला काना कान्याशी समांतर नसलेला सोसायचा नाही, आणि त्याची लेक एवढा मोठा नळ चुकवेल? तुझे हात ओले होते गं त्या दिवशी! मी धरले होते ना... रॉकेलचा वास येत होता. ओल्या हातांनी शिडी कोण धरतं? मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल... मीच कळू दिलं नसेल स्वतःला!"

धाकट्याने थोरलीच्या हातातला लाल ब्रश घेतला. ती अडवायला गेली. त्याने तिचा हात हलकेच दूर केला. मग तो चित्रातल्या शिडीपासून दूर, शिडी आणि नळाच्या मधल्या जागेपाशी गेला आणि त्याने एक माणूस काढला. चित्रकलेत तो पहिलीपासून नापास. काडीचे पाय, काडीचे हात, बटाट्यासारखं डोकं, एक डोळा मिटलेला, आणि पुढे धरलेला, डोक्याहून मोठा अंगठा.

"मी," धाकटा म्हणाला.

तेच अक्षर. पण या वेळी खरं.

"बाबांनी विचारलं, सरळ आलंय का. मी म्हटलं, ‘हू’ वाकडा झालाय. ते बघायला ओणवे झाले आणि... मी सरळ आहे म्हटलं असतं तर आई, ते नुसते हसले असते! मी खाली शिडीशी असतो तर..." रस्त्याच्या मधोमध, मजुरांसमोर, भिंती व कुंपणे विभागाचा अधिकारी लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. "आणि मग ताई ‘मी’ म्हणाली, आणि मी तिला म्हणू दिलं... रोज म्हणू दिलं!"

आईने एक डोळा मिटला. अंगठा खिडकीबाहेर धरला. कितीतरी वेळ ती ‘हू’कडे बघत होती.

"वाकडाच आहे," ती शेवटी म्हणाली. "वाकडाच आहे रे बाळा. तू खोटं नाही बोललास." आणि मग तिचा आवाज एकदम चढला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "आणि शिडीवर चढून खालच्यालाच मागे जा म्हणणारा माणूस! आयुष्यभर हेच केलं त्यांनी! दिवा मालवायचा आणि मग म्हणायचं चष्मा शोध! अहो, रागवायचं तुमच्यावर होतं मला! तुम्ही निघून गेलात, मग मी कोणावर रागवू? जी मोडणार नाही असं वाटलं तिच्यावर रागावले!"

चित्रातले बाबा कानामागे पेन्सिल लावून ऐकत होते. कधी नव्हे ते त्यांनी उलट उत्तर दिलं नाही.

"वर ये," आई थोरलीला म्हणाली. स्वर मऊ झाला होता. "चहा निवतोय."

"नाही येत." थोरलीचे डोळे भरून वाहत होते, पण मान ताठ होती. "तू खाली ये. इतकी वर्षं मी वर येतेय, आई. लोखंडाशी बोलून बोलून माझ्या जिभेला गंज चढला."

आई खाली आली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात थोरलीची. गल्ली ओलांडून ती लेकीसमोर उभी राहिली, तिचे रंगाने बरबटलेले हात हातात घेतले, हुंगले, आणि कपाळाला लावले.

"मला माफ करशील का गं?"

थोरलीने बाहीने डोळे पुसले.

"कपाटाला सांगते," ती म्हणाली. "ते कळवेल तुला."

आई आधी रडली की आधी हसली याबद्दल गल्लीत आजही दोन तट आहेत. सूनबाई मात्र नक्की रडली, कारण तिला कोणताच निरोप पोचवायचा नव्हता.

चुना बादल्यांत घट्ट होऊ लागला. मजुराने विचारलं, "साहेब, मग काय करायचं?" धाकट्याने नाक पुसलं आणि सांगितलं, की भिंतीबद्दल अर्ज दाखल असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत तिला हात लावता येत नाही, असा नियम आहे. अर्ज त्याच्याकडेच येणार होता. निकालही त्यालाच द्यायचा होता. उलटी पेटी टेबल म्हणून आणली गेली, आणि थोरलीने सांगितलं, धाकट्याने लिहिलं, आईने दोनदा खोडायला लावलं :

‘मा. अधिकारी, भिंती व कुंपणे विभाग, यांस. विषय : अपूर्ण सूचना पूर्ण करून मिळणेबाबत.

महोदय, सदर भिंतीवरील सूचनेतील "नये" हा शब्द लिहावयाचा राहिला आहे. हे काम ज्या पेंटरकडे सोपवले होते त्यांनी ते सोडल्याचे आजतागायत कळवलेले नाही. तरी उर्वरित शब्द लाल रंगात, त्याच पेंटरच्या हस्ते, त्याच शिडीवरून पूर्ण करून मिळावा. "हू" सरळ करावयाचा किंवा कसे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. शिडी धरण्यास आम्ही तिघेही हजर आहोत व कोणीही सांगितले तरी मागे जाणार नाही. सदर पेंटर कामावर रुजू होईपर्यंत या भिंतीवर चुना मारू नये, ही नम्र विनंती.’